बगीचा मंजूर झाला, माळी कोणत्या खात्यातून?

जळगाव : सप्टेंबर २०२३ पासून महापालिकेत प्रशासकाचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, त्यात जळगावही होतं. ७५ नगरसेवकांचं सभागृह पुन्हा भरलं. आता प्रभागाप्रभागातून मागण्यांच्या याद्या निघणार. रस्ता, गटार, पथदिवे ही नेहमीची नावं त्यात असतीलच. त्याखाली हमखास आणखी एक ओळ असते : ‘ओपन स्पेसवर बगीचा, वॉकिंग ट्रॅक व ओपन जिम.’

ही मागणी चुकीची नाही. पण बगीचा मागताना माळी कोणी मागत नाही. नारळ फोडायला गर्दी असते. मे महिन्यात पाइप धरून पाणी घालायला कोण येणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतो. पिंप्राळ्यासारख्या भागात या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्याने काय होतं, ते ज्या गावांची शेतं आज बिनशेती होत आहेत त्यांनीही बघून ठेवायला हवं.

पिंप्राळा हे मूळचं गावच. आषाढी एकादशीला इथं पांडुरंगाचा रथ निघतो. जळगावचा श्रीराम रथ कार्तिकीला, पिंप्राळ्याचा आषाढीला, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. गाव शहरात गेलं, रेल्वे गेटवर उड्डाणपूल झाला, आणि ज्या काळ्या जमिनीत कापूस-ज्वारी होती तिथं कॉलन्या उभ्या राहिल्या. २००१ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ४ लाख ६० हजारांवर गेली. त्यानंतर शहर किती पसरलं ते महामार्गावरून गाडी चालवणाऱ्या कुणालाही दिसतं.

वीस गुंठ्यांचं कोडं

शेताचा लेआऊट पडतो तेव्हा नियमाने काही जागा मोकळी सोडावी लागते. राज्यात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४० आर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआऊटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवायची. म्हणजे पाच एकराच्या शेतात प्लॉट पाडले तर साधारण २० गुंठे ओपन स्पेस निघते. कागदावर हे फार चांगलं आहे. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक सूचना तर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी हिरवी जागा असावी म्हणतात. २०११ च्याच लोकसंख्येने हिशेब केला तरी जळगावला माणशी १० मीटरने ४६० हेक्टर, म्हणजे अकराशे एकरांहून जास्त जागा लागेल.

जागा मिळवणं हा एक भाग झाला. ती सांभाळण्याचं गणित वेगळंच आहे, आणि शेतकऱ्याला ते नगरसेवकापेक्षा लवकर कळेल.

पाच एकरांचा एकच बगीचा असेल तर दोन-तीन माळी, एक पंप, एक गेट यात काम भागतं. पण तीच पाच एकर जागा वीस-वीस गुंठ्यांच्या दहा तुकड्यांत, दहा कॉलन्यांत विखुरली असेल तर? दहा कुंपणं, दहा नळजोडण्या किंवा बोअर, दहा ठिकाणची खेळणी. माळ्याचा निम्मा दिवस सायकलवर जातो. चार भाऊ वेगळे झाले आणि बांध पडले की एकाच ट्रॅक्टरचं काम चौपट वेळ का खातं, तसंच हे.

समजा एक माळी दिवसात अशा दोन जागा नीट करतो : झाडलोट, पाणी, गवत, कटिंग. प्रत्येक जागेवर आठवड्यातून दोनदा जायचं. सहा दिवसांत तो बारा फेऱ्या करतो, म्हणजे सहा जागा सांभाळतो. साठ जागा असतील तर दहा माळी लागले. त्यांच्या रजा, आजारपण, लग्नसराई धरली तर अकरा-बारा. यात रखवालदार नाही, इलेक्ट्रिशियन नाही, मोडलेल्या झोक्याला वेल्डिंग करणारा नाही.

रखवालदाराचा हिशेब तर लोकांना नेहमीच फसवतो. ‘एका बगीच्याला एक वॉचमन’ असं सहज बोललं जातं. एका गेटवर चोवीस तास एक माणूस उभा करायचा तर दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. २१ भागिले ६, म्हणजे साडेतीन माणसं. रजा धरल्या की चार. एका खुर्चीसाठी चार पगार! म्हणून बहुतेक ठिकाणी रात्रीची पाळी उडते. मग दिव्याची वायर, नळाची तोटी आणि ओपन जिमचे नट-बोल्ट कोणत्या वेळी जातात ते वेगळं सांगायला नको.

झाड लावणं एक दिवसाचं, जगवणं शंभर दिवसांचं

खान्देशचा उन्हाळा हा या हिशेबातला सर्वांत मोठा खर्च. पुण्याच्या किंवा नाशिकच्या बगीच्याचं मनुष्यबळ बघून जळगावचं ठरवता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दोन वर्षांचं कडुनिंबाचं रोपसुद्धा आठवडाभर पाण्याविना धरत नाही.

रस्त्याकडेची एक हजार झाडं घ्या. प्रत्येकाला एक दिवसाआड २० लिटर पाणी. रोज ५०० झाडं, १० हजार लिटर, पाच हजारांच्या टँकरच्या दोन फेऱ्या. पाणी एवढंसंच वाटतं. पण टँकर पुढे घेणं, थांबवणं, पाइप ओढणं, आळ्यात पाणी मुरू देणं यात झाडामागे दोन मिनिटं धरली तरी १,००० मिनिटं होतात, म्हणजे सोळा तासांहून जास्त. एका पाळीत ते बसत नाही. दोन टँकर, दोन ड्रायव्हर, दोन मदतनीस असे चार जण लागतात. मार्च ते जूनचा मध्य हे शंभर दिवस धरले तर चारशे मजूर-दिवस, तेही फक्त एक हजार झाडांसाठी.

राज्य सरकारने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडांपासून सुरुवात करून पुढे चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं लक्ष्य ठेवलं होतं. प्रत्येक वेळी चर्चा खड्ड्यांची आणि रोपांची झाली, पाण्याच्या माणसांची फारशी नाही.

यावर लगेच एक उत्तर येतं : ठिबक करा, जळगाव तर ठिबकचं गाव. ठिबकने पाणी वाचतं, पाइप धरणारा माणूसही कमी लागतो, खरं आहे. पण ज्याच्या घरी केळी आहे त्याला विचारा, ठिबक बसवलं म्हणून सालदार कमी केला का? फिल्टर धुवावा लागतो, नळ्या खारीने कुरतडल्या की जोडाव्या लागतात, ड्रिपर क्षाराने बंद पडतात. शेतात मालक रोज फेरी मारतो म्हणून ठिबक चालतं. ओपन स्पेसवर मालक कोण?

पावसाळ्यात दुसरं काम निघतं. गाजर गवत आठ दिवसांत गुडघ्याला लागतं. गवत वाढलं की साप-विंचवाच्या भीतीने लोक लहान पोरांना तिकडे पाठवत नाहीत, आणि लोक जायचे बंद झाले की बगीचा मेलाच. जूनच्या वादळी पावसात गुलमोहर, सुबाभूळ आधी पडतात. त्या फांद्या पावसाआधी छाटणारी टोळी, शिडीची गाडी आणि झाड बघून ‘हे धोक्याचं, हे नाही’ सांगणारा जाणकार, हे वर्षातून एकदा नाही तर दरवर्षी लागतं. तारांखालच्या फांद्या महावितरण छाटतं, पण ते आपल्या तारेपुरतं.

मेहरूण तलावाच्या काठचं उदाहरण बघा. पहाटे चालणाऱ्यांची तिथं गर्दी असते. तोच तलाव गणेश विसर्जनाचाही आहे. विसर्जनानंतरच्या निर्माल्याला आणि कचऱ्याला जी माणसं लागतात ती रोजच्या हजेरीपटावर नसतात, दुसऱ्या कामावरून काढून आणावी लागतात. मेहरूणची बोरं एके काळी ओळख होती या भागाची. शहर वाढलं तशी ती झाडं कमी होत गेली. ट्रॅकच्या पेव्हर ब्लॉकचा तरी ठेका निघतो, जुन्या बोरीच्या झाडाचा निघत नाही.

पैसा बांधायला आहे, सांभाळायला नाही

मग माणसं का भरत नाहीत? इथं नुसता आळस किंवा भ्रष्टाचार म्हणून हात झटकता येत नाहीत. यामागे पैशाची रचना आहे.

बगीचा बांधायला पैसा अनेक दारांतून येतो. जिल्हा नियोजन समिती आहे, नगरोत्थान आहे, आमदार-खासदार निधी आहे. २०१५ च्या अमृत योजनेत तर हिरव्या जागा आणि बागांसाठी वेगळा अडीच टक्क्यांपर्यंतचा वाटा ठेवला होता. हे पैसे बांधकामाचे. यातून भिंत होते, ट्रॅक होतो, कारंजं होतं, फलक लागतो. पगार मात्र महापालिकेला आपल्या खिशातून द्यावा लागतो. आणि खिसा? जकात गेली, नंतर एलबीटी गेला, आता जीएसटीच्या बदल्यातलं अनुदान आणि घरपट्टी-पाणीपट्टी. शिवाय घरकुलासह इतर योजनांसाठी घेतलेल्या हुडकोच्या कर्जाने या शहराची कंबर वर्षानुवर्षे वाकवली, हे जळगावकर विसरलेले नाहीत.

त्यावर सरकारची अट अशी की, आस्थापनेचा खर्च महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर असेल तर नवी भरती नाही. जळगावसारख्या ‘ड’ वर्गातल्या महापालिकांना ही मर्यादा कायम आड येत आली आहे. माळी निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते. सफाई कामगाराच्या बाबतीत लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळण्याची वाट आहे. माळ्याला ती नाही.

कायद्यातही बागेचं स्थान शेवटच्या पंगतीतलं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं हे नागरी संस्थांचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणी, गटार, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं आणि बागा ऐच्छिक कामांत. पैसा कमी पडला की कात्री आधी कुठे लागणार ते उघड आहे. झाडांच्या बाबतीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. तो वृक्ष प्राधिकरण नेमायला सांगतो, दर पाच वर्षांनी झाडं मोजायला सांगतो. गणना करायला ठेका देता येतो. मोजलेलं झाड पुढची पाच वर्षं बघणारा माणूस पुन्हा त्याच ३५ टक्क्यांच्या दारात अडकतो.

या ३५ टक्क्यांना दुसरी बाजूही आहे. भागाकारात वरचा आकडा पगाराचा, खालचा उत्पन्नाचा. पगार कमी न करता खालचा आकडा वाढला तरी टक्का खाली येतो. म्हणजे थकलेली घरपट्टी वसूल होणं आणि कॉलनीला माळी मिळणं या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे. शास्ती माफीची मागणी करणारा मोर्चा आणि बगीचा मागणारा मोर्चा बहुधा एकाच गल्लीतून निघतो, ही गंमत त्यातलीच.

कंपनीचा बगीचा, ठेकेदाराचा बगीचा

जळगावात चांगला सांभाळलेला बगीचा म्हटलं की लोक दोन नावं घेतात : महात्मा गांधी उद्यान आणि काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान. दोन्ही जैन उद्योग समूहाच्या पुढाकाराने उभी राहिली आणि सांभाळली गेली. तिथं हिरवळ कापलेली असते, दिवे लागतात, नळाला पाणी असतं. कारण सोपं आहे : तिथं माणसं आहेत आणि त्यांना कामाची रीत माहीत आहे. शेजारी मोहाडी रस्त्यावरचं लांडोरखोरी वन उद्यान वन विभागाचं, तिथं वनखात्याची यंत्रणा आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट अशीच आहे. १९८० मध्ये तिथल्या लोकांनी संस्था काढली, देणग्या जमवल्या, आणि आज महापालिकेशी करार करून तीच संस्था तो बगीचा चालवते. पण त्याच शहरात दूरच्या गरीब वस्त्यांमधल्या बागांना असा वाली मिळत नाही, ही तक्रार तिथंही आहे. जळगावात वेगळं काय होणार? मोठी कंपनी चौकातला बगीचा घेईल. पिंप्राळ्याच्या आतल्या कॉलनीतले वीस गुंठे, जिथं फलक लावून फायदा नाही, ते कोण घेणार?

मग उरतो ठेका. ठेक्याचा खर्च आस्थापनेच्या शीर्षात न दिसता दुसऱ्या शीर्षाखाली जातो, म्हणून ३५ टक्क्यांची अडचण टळते. ठेका वाईटच असतो असं नाही. पण बहुतेक निविदा ‘इतके मजूर पुरवणे’ अशा असतात, ‘बगीचा हिरवा ठेवणे’ अशा नसतात. हजेरीवर दहा नावं आणि जागेवर सहा माणसं असली तरी बिल दहाचं निघू शकतं. मजुराला पगार उशिरा मिळतो, पीएफ कापला जातो पण भरला की नाही कळत नाही. इथं एक गोष्ट मजुरांनी लक्षात ठेवायची : ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या संस्थेवर येते. हजेरीचा फोटो, बँकेतली नोंद, यूएएन नंबर जपून ठेवला तर भांडता येतं.

तिसरी वाट बचत गटांची. केंद्राच्या अमृत २.० मध्ये बचत गटातल्या महिलांना ‘अमृत मित्र’ म्हणून झाडं आणि बाग सांभाळण्याचं काम देता येतं. घराजवळच काम, रोजची नजर, मुलं तिथंच खेळणार, म्हणून हे जमण्यासारखं आहे. अडचण मुदतीची. योजना संपली की पैसे थांबतात, झाड मात्र तेव्हा नुकतं खांद्याला लागलेलं असतं. महापालिकेने पुढचे पैसे आपल्या अंदाजपत्रकात आधीच धरले नाहीत तर ही वाटही अर्ध्यावर संपते.

गावांचा यात काय संबंध?

कुसुंबा, मोहाडी, सावखेडा या बाजूला शहर सरकतं आहे. नशिराबाद नगरपरिषद झाली, मुक्ताईनगर, बोदवड, शेंदुर्णी नगरपंचायती झाल्या. ग्रामपंचायत असेपर्यंत रस्त्याकडेची झाडं, शाळेमागची रोपवाटिका, स्मशानभूमीतली सावली ही कामं रोजगार हमीतून करता येतात. तिथं रोपांच्या संख्येवर मजूर ठरतात आणि संगोपनाची मजुरी योजनेतच धरलेली असते. रोजगार हमी ग्रामीण भागापुरती. गाव नगरपंचायत झालं किंवा महापालिकेत गेलं की तो मजूर त्या झाडावरून उठतो, आणि त्याच्या जागी बसवायला शहराकडे माणूस तयार नसतो. ‘नगरपंचायत होणार, विकास होणार’ म्हणून फटाके फोडताना हा बदल कुणी सांगत नाही.

कामाच्या दृष्टीनेही बघा. शहराला माळी लागतात, झाड छाटणारे लागतात, ठिबकची दुरुस्ती जाणणारे लागतात. हे हुन्नर गावाकडच्या पोरांच्या हातात आधीच आहे. केळीच्या बागेत वाढलेला मुलगा शहरात जाऊन सिक्युरिटी गार्डची शिट्टी घेतो, कारण माळीकामाच्या ठेक्यात कुशल आणि अकुशल यांचा फरकच धरलेला नसतो. निविदेत दहा मजुरांऐवजी दोन कुशल माळी आणि सात मजूर असं लिहिलं तर त्याच पैशांच्या आसपास काम बरं होईल आणि हातातल्या कसबाला भावही मिळेल.

खान्देशात सालदार आखाजीला ठरतो. वर्षाचं काम, वर्षाचा मोबदला, कपडा-जोडा सगळं आधी बोलून मग तो गड्याची जागा घेतो. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नव्या सभागृहात अंदाजपत्रक येईल तेव्हा उद्यान विभागाच्या पानावर दोन आकडे शोधायचे : नव्या बागांना किती, आणि आहेत त्या सांभाळायला किती. पहिला आकडा मोठा आणि दुसरा पाण्याच्या टँकरपुरता असेल तर उद्घाटनाची घाई नसलेलीच बरी. नगरसेवकांनी प्रत्येक नव्या बगीच्याच्या प्रस्तावाला किती माणसं, किती पाणी, कोणत्या शीर्षातून, हे तीन रकाने जोडायचा आग्रह धरला तर अर्धे प्रस्ताव तिथंच सुधारतील. काही गळतीलही.

आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आज लेआऊट पडत आहेत त्यांनी ओपन स्पेस नुसती नकाशावर बघून ताब्यात घेऊ नये. जागेची मोजणी करून हद्दीचे दगड बघावेत, कागदावर नोंद झाली की नाही ते तपासावं, कुंपण आणि बोअर चालू स्थितीत मागावा, विजेचं मीटर कोणाच्या नावावर आहे ते विचारावं. प्लॉट विकून झाले की विकासक पुन्हा त्या गल्लीत दिसत नाही.